भाड्याच्या खोलीची फरशी

वखारीची जमीन ओलसर असेल तर धान्य बिघडते, हे आपणां व्यापाऱ्यांस कोणी सांगावयास नको. भाड्याने द्यावयाच्या खोलीची जमीन मात्र आपण केवळ दर पाहून करतो, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. बऱ्हाणपुरातही स्वस्त, चकचकीत सिरॅमिक लाद्यांचा मोह पुष्कळांस पडतो. खोली दाखविताना त्या शोभतात खऱ्या; परंतु वरची झिलई झिजली की आतील भाजलेली माती उघडी पडते. खाली मसाला पोकळ राहिला असेल तर खलबत्ता पडताच लादी तडकते आणि काही वर्षांनी त्याच नक्षीची जोड बाजारात मिळत नाही.

आमच्या मते अशा खोल्यांस राजस्थानची कोटा फरशीच योग्य. ती आरपार एकच दगड असल्याने झिजली तरी पुन्हा घासून पॉलिश करता येते. फुटल्यास तेवढीच बदलावी. रंग उदास, हे कबूल. शिवाय हा चुनखडीचा दगड; त्यावर ॲसिड मुळीच ओतू नये. न्हाणीघरात बिनपॉलिशची फरशी घालावी.

काही घरमालक मात्र वर्षानुवर्षांच्या झिजेचा खर्च भाडेकरूच्या अनामतीतून कापतात. यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबाची ती साठवण असते. १९६१ च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमानेही घर राहण्याजोगे ठेवण्याचा भार मालकावरच टाकला आहे. मुद्दाम फोडलेल्या फरशीचे पैसे अवश्य घ्यावेत; त्यासाठी खोलीचा ताबा देतानाच फरशीची स्थिती लिहून उभयतांच्या सह्या घ्याव्यात.