लॉन मोअर घेण्याआधी अंगण मोजा

अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की आपण देसी सॉफ्टवेअरवाले आधी एक्सेल उघडतो. शाळांचं रेटिंग, कर्जाचा व्याजदर, ऑफिसपासूनचं अंतर... सगळ्याचे कॉलम तयार! पण त्याच घराचं गवत कापायचं यंत्र घ्यायची वेळ आली की हीच मंडळी दुकानात जातात आणि शेजाऱ्याकडे आहे तसलंच किंवा त्याहून एक नंबर मोठं उचलून आणतात. माझं स्पष्ट मत असं आहे की आपल्यातले बरेच जण गरजेपेक्षा मोठं मोअर घेतात आणि मग उन्हाळाभर त्याची चाकरी करत बसतात.

यात नवल नाही म्हणा. पुण्या-ठाण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाचा गवताशी संबंध तो किती? गणपतीच्या दूर्वा आणि सोसायटीचा माळी. संपलं.

तर पहिलं काम म्हणजे अंगण मोजणं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तुमचा प्लॉट पाव एकराचा असेल तर तो साधारण ११,००० चौरस फूट भरतो. त्यातून घर, ड्राइव्ह वे, डेक आणि झाडांखालची जागा वजा करा. खरं गवत बरेचदा ६-८ हजार फूटच उरतं. आता २१ इंची मोअर घ्या. दोन पट्टे थोडे एकमेकांवर येतात, म्हणून दर फेरीला दीड फूट धरू. ८,००० भागिले दीड म्हणजे ५,३३३ फूट. म्हणजे जेमतेम एक मैल चालणं! वळणं धरूनही हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्यासाठी बसून चालवायचं यंत्र कशाला हवं? अर्धा एकर नुसतं गवत असेल तर रायडिंग मोअरचा विचार जरूर करा. त्याच्या आत नको.

अंगण अगदी लहान, म्हणजे दोन-अडीच हजार फूट आणि सपाट असेल, तर हाताने ढकलायचं रील मोअर बघा. ही कल्पना १८३० सालची. इंग्लंडमधल्या एडविन बडिंगला ती कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून सुचली. ना पेट्रोल, ना बॅटरी, ना आवाज. रविवारी सकाळी सात वाजता चालवा, कोणाची झोपमोड होत नाही. पण याच्या दोन अटी आहेत. एक म्हणजे गवत कोणतं ते बघा. टेक्सासकडे लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो तीच दूर्वा! ती एक-दोन इंचांवर ठेवतात, तिथे रील मस्त चालतं. न्यू जर्सीकडचं फेस्क्यू मात्र तीन इंचांच्या आसपास ठेवायला लागतं आणि स्वस्तातली बरीच रील मोअर तेवढी वर उचलतच नाहीत. दुसरी अट नियमाची. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये म्हणतात. तुम्ही महिनाभर भारतात जाऊन आलात आणि गवत फूटभर वाढलं, तर रील हात टेकतं.

मधल्या सगळ्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी, माझं मत बॅटरीवाल्याला. पण खोक्यावरच्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नका बरं का. व्होल्ट गुणिले अँपियर-तास हा गुणाकार करा. ४० व्होल्ट, ६ अँपियर-तास म्हणजे २४० वॉट-तास. ८० व्होल्ट, अडीच अँपियर-तास म्हणजे २००. म्हणजे "८०" वाल्यात साठा कमीच! एवढं गणित तर आपल्याला जमायला हरकत नाही.

पेट्रोलवाल्यांची बाजूही खरी आहे. बॅटरी काही वर्षांनी उतरते आणि नवी घ्यायला गेलं की किंमत ऐकून घाम फुटतो. नीट सांभाळलेलं इंजिन पुष्कळ वर्षं चालतं. पण "नीट सांभाळलेलं" हा शब्द महत्त्वाचा. ऑइल बदला, प्लग बदला, एअर फिल्टर बदला, हिवाळ्याआधी टाकी रिकामी करा. नाहीतर इथेनॉल मिसळलेलं जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं आणि एप्रिलमध्ये दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. ज्याला हे सगळं करायला आवडतं त्याने खुशाल घ्यावं. शिवाय धुराचा प्रश्न आहेच. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या हिशोबाने, माळीकाम करणाऱ्या कंपन्यांचं मोठं मोअर तासभर चालवलं तर २०१६ ची टोयोटा कॅमरी सुमारे ३०० मैल चालवल्याइतकं धुरकं तयार करणारं प्रदूषण होतं. आणि हा धूर आपल्याच घराभोवती, पोरं खेळतात तिथे.

पोरांवरून आठवलं. यंत्र कुठलंही घ्या, पात्याशी खेळ नाही. १९८२ पासून अमेरिकेत ढकलायच्या रोटरी मोअरचं हँडल सोडलं की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे, असा नियम आहे. तो दांडा दोरीने बांधून ठेवायची हुशारी करू नका. उतारावर ढकलायचं मोअर आडवं चालवा, बसायचं असेल तर वर-खाली. आणि फोटोसाठीसुद्धा मुलाला मांडीवर घेऊन रायडिंग मोअरवर बसू नका.

शेवटी प्रश्न यंत्राचा कमी आणि आपल्या शनिवारचा जास्त आहे. मोठं यंत्र वेळ वाचवतं असं वाटतं, पण ते गराजमधली गाडीची जागा खातं, देखभाल मागतं आणि दहा मिनिटं वाचवून तास घेतं. त्यापेक्षा कुंपणालगतच्या पट्ट्यात, एचओएची परवानगी असेल तर, चार टोमॅटो आणि थोडी मेथी लावा. गवत जेवढं कमी, तेवढं मोअर लहान!

असो. दुकानात जायच्या आधी टेप घेऊन अंगणात एक चक्कर मारा, एवढंच सांगणं.