खोक्यातला ब्राउझर आणि दाराबाहेरची माणसे

व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल. संगणकावर रोज उघडल्या जाणाऱ्या या सॉफ्टवेअरची कामे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. पण आत डोकावले तर प्रत्येकाच्या पोटात तेच निघते. क्रोमियम हा अख्खा ब्राउझर, त्याला जोडलेले नोड जेएस आणि वर संकेतस्थळासाठी लिहितात तशीच एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची पाने. या जोडणीचे नाव इलेक्ट्रॉन. गिटहबने २०१३ मध्ये आपल्या ॲटम या एडिटरसाठी ती बांधायला घेतली, तेव्हा तिला ॲटम शेल म्हणत. २०१५ मध्ये नाव बदलले. ॲटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, पण त्याच्यासाठी उभा केलेला सांगाडा जगभर पसरला.

कारण सरळ आहे. विंडोजसाठी एक, मॅकसाठी दुसरे आणि लिनक्ससाठी तिसरे असे तीनदा सॉफ्टवेअर लिहिण्याइतके पैसे आणि माणसे फार थोड्यांकडे असतात. वेबचे तंत्र जाणणारा एकटा माणूस इलेक्ट्रॉन घेऊन तिन्हींसाठी ॲप देऊ शकतो.

तरीही प्रोग्रामर मंडळींत इलेक्ट्रॉनला नावे ठेवण्याची रीत पडली आहे. नुसती रिकामी खिडकी उघडणारे ॲपही डिस्कवर २०० एमबीच्या पुढे जाते. अशी पाच ॲप्स उघडली की पाच ब्राउझर मेमरीत ठाण मांडतात. हा आक्षेप खरा आहे. मात्र त्यावरून असे ॲप बनवणाऱ्याला आळशी ठरवणे मला मान्य नाही. मी गेली काही वर्षे लहान ग्रंथालयांसाठी नोंदवहीची सॉफ्टवेअर लिहितो. एकाच कपाटात मराठी, उर्दू आणि इंग्रजी पुस्तके असलेली ही ग्रंथालये आहेत. तिथे उभे राहून पाहिले की हा वाद वेगळा दिसतो. वेबचे तंत्र खोक्यात घालण्यात गैर काही नाही. ते खोके बांधताना आपण कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा खरा प्रश्न आहे. पॅकेजिंगला शेवटच्या दिवशी उरकायचे किरकोळ काम समजणारे लोक तो विचारतच नाहीत.

लिपीचा हिशेब

आधी आपल्या लिप्यांबद्दल. मराठी डीटीपीची जुनी वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, प्रत्येक फॉन्टची स्वतःची अक्षरजुळणी असे. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. उर्दूची अडचण याहून मोठी होती. नस्तालिक लिपीत अक्षरे सरळ रेषेत बसत नाहीत. ती उजवीकडून डावीकडे उतरत जातात आणि शेजारचे अक्षर पाहून आपला आकार बदलतात. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने हे काम संगणकावर सोपे केले आणि उर्दू छपाईचा चेहरा बदलला. पण ते विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर होते. उर्दू मजकूर जुळवणारा माणूस त्यामुळे वर्षानुवर्षे एकाच ऑपरेटिंग सिस्टिमशी बांधला गेला.

युनिकोड आले, पण युनिकोड फक्त अक्षराला क्रमांक देते. ते पडद्यावर नीट जुळवून दाखवण्याचे काम दुसऱ्या यंत्रणेचे असते. क्रोमियममध्ये हे काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. तिचे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. मराठीतला जोडाक्षरांचा गुंता असो, ‘ऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र असो की नस्तालिकचा उतार, हार्फबझ तो सोडवते आणि क्रोमियम तिन्ही सिस्टिमवर तिचाच वापर करते. म्हणून इलेक्ट्रॉनच्या ॲपमध्ये फॉन्टही सोबत बांधला, तर अक्षरे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर जवळपास सारखीच दिसतात. पानाची भाषा मराठी आहे असे कोडमध्ये सांगितले आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात. नोटो मालिकेतले देवनागरी आणि नस्तालिक फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. ते ॲपसोबत वाटायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता हलक्या पर्यायाकडे पाहू. टाउरीची १.० आवृत्ती २०२२ मध्ये आली. टाउरी ब्राउझर सोबत नेत नाही, संगणकावर आधीच असलेल्या वेबव्ह्यूचा आधार घेते. त्यामुळे इन्स्टॉलर काही एमबींतच आटोपतो. पण विंडोजवर तिला मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू २ मिळतो, मॅकवर ॲपलचे वेबकिट आणि लिनक्सवर वेबकिट जीटीके. म्हणजे तीन वेगळी इंजिने आली. जुन्या मॅकवर इंजिनही जुनेच असते. केवळ इंग्रजी चालवणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. मराठी आणि उर्दू नावे एकाच ओळीत छापणाऱ्याला मात्र प्रत्येक सिस्टिमवर स्वतंत्र तपासणी करावी लागते. इथे वजन आणि लिपी यांचा सौदा आहे. ग्रंथालयाच्या ४ जीबी मेमरीच्या संगणकासाठी मी टाउरीकडे झुकतो आणि तपासणीचे कष्ट स्वतःकडे घेतो. कष्ट कोणी करायचे, बनवणाऱ्याने एकदा की वापरणाऱ्याने रोज, याचे माझे उत्तर ठरलेले आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, संकेतस्थळच करा. पण नेट गेले म्हणून ग्रंथपाल सभासदाला पुस्तक न देता परत पाठवू शकत नाही. शिवाय सभासदांची नावे, पत्ते आणि कोण काय वाचतो याची यादी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर ठेवण्यापेक्षा ग्रंथालयाच्या कपाटाशेजारच्या संगणकात असलेली बरी. वाचनाची नोंद ही खासगी गोष्ट आहे. ती अमानत म्हणूनच सांभाळली पाहिजे.

तीन दारे, तीन पहारेकरी

ॲप लिहून झाले की ते तीन दारांतून बाहेर काढायचे असते. मॅकचे दार महाग आहे. ॲपलच्या डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर लागतात. २०१९ मध्ये आलेल्या कॅटालिनापासून ॲप ॲपलकडे पाठवून त्यावर नोटरायझेशनचा शिक्का घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर मॅक ते उघडायला नकार देतो. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केले की वाट निघे. २०२४ च्या सिक्वोयाने ती पळवाटही बंद केली आणि वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यायला लावली.

विंडोजवर स्मार्टस्क्रीन बसलेला असतो. अनोळखी ॲप दिसले की तो निळा फलक दाखवून इशारा देतो. त्यासाठी सहीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. जून २०२३ पासून अशा प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम झाला, त्यामुळे खर्च आणि कटकट दोन्ही वाढले. प्रमाणपत्र घेतले तरी नवख्याचे नाव रुळेपर्यंत फलक दिसू शकतो.

लिनक्सच्या दाराशी पैसे मागणारा कोणी नाही, पण दारेच अनेक आहेत. डेबियन आणि उबुंटूसाठी डेब, फेडोरासाठी आरपीएम, शिवाय ॲपइमेज, स्नॅप, फ्लॅटपॅक. बारीक खाचखळगेही असतात. फाइलच्या नावात कुठे मोठे आणि कुठे लहान अक्षर वापरले, तर विंडोज ते चालवून घेते आणि लिनक्सवर चित्र गायब होते. एसक्यूलाइटसारखी जोडणी प्रत्येक सिस्टिमसाठी आणि प्रोसेसरसाठी वेगळी बांधावी लागते.

या पहाऱ्याला माझा सरसकट विरोध नाही. बनावट ॲप पाठवून लोकांना लुबाडणारे आहेत, म्हणून सही हवी. पण जो पहारा मोठ्या कंपनीला चिल्लर वाटतो, तोच फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या एकट्या माणसाला अडवतो. मग तो लोकांना सांगतो, ‘इशारा येईल, तरी पुढे जा.’ इशारे न वाचता पुढे जाण्याची सवय अशी लागते. उद्या खरा चोर आला तरी ती माणसे पुढेच जातील.

जुन्या संगणकाची किंमत

फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या इलेक्ट्रॉन २३ ने विंडोज ७ आणि ८ ची साथ सोडली, कारण क्रोमियमने ती सोडली होती. तांत्रिक निर्णय म्हणून तो समजू शकतो. पण याचा अर्थ असा की बनवणाऱ्याने आवृत्तीचा एक आकडा बदलला आणि देणगीतून आलेला, उत्तम चालणारा संगणक त्या ॲपपुरता निकामी झाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सर्वसाधारण पाठिंबा संपला. अशा यंत्रांवर लिनक्स टाकून ती आणखी काही वर्षे चालवता येतात. केरळच्या सरकारी शाळा उबुंटूवर आधारलेली सिस्टिम वापरतात, आपल्याकडे सी-डॅकची बॉस आहे. पण ग्रंथालयाच्या ॲपची लिनक्स आवृत्तीच नसेल तर ही वाट बंद होते. ‘लिनक्स वापरतो कोण’ असे म्हणून ती आवृत्ती टाळणाऱ्यांना माझे सांगणे आहे, इलेक्ट्रॉन घेतल्यावर लिनक्सचे काम बरेचसे झालेलेच असते. उरते ती बांधणी आणि तपासणी. स्वतःकडे मॅक किंवा लिनक्स नसला तरी गिटहब ॲक्शन्सवर तिन्ही सिस्टिमची यंत्रे मिळतात, सार्वजनिक प्रकल्पांना फुकट.

जुन्याला धरून राहण्यालाही मर्यादा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. नुसते चित्र दाखवून संगणकात शिरता येईल असा तो होता. क्रोमने स्वतःला दुरुस्त केले. पण इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक ॲपमध्ये क्रोमियमची वेगळी प्रत होती, म्हणून प्रत्येक बनवणाऱ्याला नवी आवृत्ती काढावी लागली. ज्याने ॲप वाटून हात झटकले होते, त्याच्या वापरकर्त्यांकडे भोक तसेच राहिले. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती साधारण आठ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच सांभाळल्या जातात. ब्राउझर सोबत देणे म्हणजे तो सांभाळण्याची जबाबदारी घेणे. ती झेपत नसेल तर सिस्टिमचाच वेबव्ह्यू वापरणे इमानदारीचे आहे.

वाचकांपैकी बहुतेकजण प्रोग्रामर नसतील. पण शाळा, ग्रंथालय, मदरसा, पतसंस्था यांपैकी कुठल्या तरी समितीवर तुम्ही असाल आणि सॉफ्टवेअर घेण्याचा ठराव तुमच्यासमोर येईल. तेव्हा किमतीसोबत चार गोष्टी विचारा. आपल्या आत्ताच्या संगणकावर ते किती मेमरी खाते? लिनक्सवर चालते का? दोष सापडला तर नवी आवृत्ती कोण आणि किती दिवसांत देणार? उद्या हे ॲप बंद पडले तर आमच्या नोंदी युनिकोडमध्ये, साध्या फाइलीत बाहेर काढता येतील का?

चौथ्या प्रश्नावर विक्रेता अडखळला तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा. जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर सोडवताना आपल्या दोन्ही भाषांनी पुरेशी वर्षे घालवली आहेत.