एकाच कंपनीचं घ्या, बॅकअप मात्र वेगळा ठेवा

खांदेश्वर, नवीन पनवेल, कामोठे या पट्ट्यात न्हावा शेवा बंदराच्या कामावर चालणारी छोटी कार्यालयं पुष्कळ आहेत: कस्टम क्लिअरिंग एजंट, फॉरवर्डर, ट्रेलरवाले. दहा-पंधरा संगणक आणि हाक मारली की येणारा एखादा संगणक दुरुस्तीवाला, एवढीच त्यांची यंत्रणा. त्यांच्याकडे विक्रेते दोन तऱ्हेचे येतात. एक सांगतो, अँटिव्हायरस, फायरवॉल, ईमेल फिल्टर सगळं आमचंच घ्या, एकाच पडद्यावर दिसेल. दुसरा सांगतो, प्रत्येक कामाला त्यातलं उत्तम ते वेगळं निवडा.

माझ्या मते छोट्या कार्यालयाने एकत्रितच घ्यावं. पाच साधनं घेतली की पाच लॉगिन आले, नूतनीकरणाच्या पाच तारखा आल्या आणि पाच ठिकाणी इशारे यायला लागले. ते वाचणार कोण? एका साधनाला अवेळी झालेलं लॉगिन दिसतं, दुसऱ्याला बाहेर जाणारी मोठी फाइल. दोन्ही जोडून पाहणारं कुणी नसेल तर दोन्ही इशारे वाया जातात. त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, १८० दिवसांचे लॉग जपायचे असतात. पाच ठिकाणचे लॉग तेवढ्या वेळात कोण जुळवत बसणार?

बँकेचं गणित वेगळं. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, तेव्हा पैसे काढायच्या विनंत्या बँकेच्या मुख्य खाते यंत्रणेपर्यंत, म्हणजे कोअर बँकिंगपर्यंत, पोहोचल्याच नाहीत; एटीएमच्या विनंत्या पुढे पाठवणाऱ्या स्विचच्या जागी चोरांनी बनावट स्विच लावला आणि त्याने त्या परस्पर मंजूर केल्या. ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. एटीएम स्विचवर नजर ठेवायला खास साधन लागतं, आणि ते समजणारी माणसंही.

पण छोट्या कार्यालयाने एकत्रित घेताना एक गोष्ट त्या गठ्ठ्याबाहेर ठेवावीच लागते, ती म्हणजे बॅकअप. २७ जून २०१७ आठवा. नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहाला गाठलं आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर साचले. कोणाला काय उघडता येईल हे ठरवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर एकमेकांची प्रत सांभाळत होते. सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच पुसले गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण तिथली वीज गेल्याने तो तेव्हा नेटवर्कला जोडलेला नव्हता. त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे नशिबाने मिळालं, ते आपल्याला पोर्टेबल हार्ड डिस्कची वायर काढून मिळवता येतं.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका खोटा नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, आपल्याकडे विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावर उपाय म्हणून आणखी चार कंपन्या आणल्या, तर बिघडू शकणारे अपडेटही तेवढेच वाढतात. त्यापेक्षा बॅकअपचं लॉगिन मुख्य लॉगिनपासून वेगळं करा, एक प्रत कायम नेटवर्कबाहेर ठेवा. आणि सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून गेल्या महिन्यातली एखादी शिपिंग बिलाची फाइल बॅकअपमधून परत आणायला लावा.