पाळी पुढे ढकलायची गोळी चालते, मग औषधाची का चालत नाही?



आजचे लिखाण काहींना झोंबेल. झोंबू दे.

पर्युषण जवळ आले की आपल्या घराघरांतून मेडिकलमध्ये एक निरोप जातो. औषधाचे नाव नोरएथिस्टेरॉन, पण ते कोणालाच ठाऊक नसते. 'पाळी पुढे ढकलायची गोळी' एवढे सांगितले की पुरते. अठ्ठाई आहे, घरात लग्न आहे, कोणाची दीक्षा आहे, शिखरजीची यात्रा ठरली आहे, म्हणून आठ-दहा दिवस गोळ्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्तदाब पाहिलेला नाही, पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती का हे कोणी विचारत नाही. वर्षातून किती वेळा घेतली याची नोंदही नाही. ही गोळी हार्मोनची आहे, मैत्रिणींनो. चांगली तगडी हार्मोनची.

आता तीच बाई सेहेचाळीसची होते. पाळी कधी दोन महिन्यांनी येते, आली की बारा-पंधरा दिवस जात नाही. गाठी पडतात, चादरी बदलून जीव मेटाकुटीला येतो. डॉक्टर तपासतात आणि हार्मोनचे औषध लिहून देतात, पुष्कळदा हीच गोळी. तर ही बाई चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवते. "हार्मोन नको गं बाई, कॅन्सर होतो." शेजारीण म्हणते, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." आणि वर्षभरात ती ऑपरेशनच्या टेबलावर असते.

समारंभासाठी हार्मोन चालते आणि आजारासाठी चालत नाही, याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

या वयात होते काय ते साधे आहे. दर महिन्याला बीज सुटेनासे होते. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि एकटे इस्ट्रोजेन गर्भपिशवीचे अस्तर जाड करत राहते. मग ते कधीतरी ढासळते आणि धो धो जाते. जे शरीर बनवायचे थांबले, ते डॉक्टर बाहेरून देतात, एवढेच. गोळ्या नको असतील तर तेच काम करणारे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे छोटे साधन गर्भपिशवीत बसवतात, ते काही वर्षे चालते. मात्र आधी सोनोग्राफी, आणि पंचेचाळिशीपुढे गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवणे, हे झालेच पाहिजे. कारण न कळता गोळी खाणे हा वेगळा मूर्खपणा झाला.

कॅन्सरची भीती आली कुठून? जुलै २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. पाळी गेल्यानंतर घेण्याच्या हार्मोनचा तो अभ्यास होता, सुमारे साडेसोळा हजार बायकांचा. बातमी आली, स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला! मी कॉमर्सवाली, टक्का दिसला की तो कशावर काढला ते आधी बघते. दहा हजार बायकांत वर्षाला औषधाविना ३० जणींना होत होता, औषधाने ३८ जणींना झाला. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, ज्या घरात झाला त्या घराला विचारा. पण त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईने तो आकडा जसाच्या तसा आपल्या खात्यावर का चढवावा? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच या औषधांवरचे बहुतेक चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले. गर्भपिशवी असताना एकटे इस्ट्रोजेन घेऊ नये, अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा मात्र ठेवला. तो पाळायचाच. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, रक्ताच्या गाठी झाल्या आहेत किंवा यकृताचा आजार आहे, तिने तर डॉक्टरांना हे सगळे आधी सांगायचे.

आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट तर कोणी बोलतच नाही. त्या अभ्यासातले इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले होते. प्रेमारिन हे नावच 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या शब्दांतून जुळवलेले आहे. घोड्यांना महिनोन्महिने अरुंद ठाणात बांधून ते गोळा करतात. ते मला नको, आणि 'नको' म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पण त्यावरून सगळीच औषधे हिंसक ठरवायची? आज मिळणारे एस्ट्राडायोल वनस्पतीतल्या द्रव्यांपासून करतात, सोयाबीनपासून किंवा रानटी कंदापासून. (कंद म्हटल्यावर भुवया वर गेल्याच असतील! सोयाबीनवर या मग.) त्वचेवर चोळायचे जेल मिळते. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचे असते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आम्ही जैन आहोत, दुसरे काय देता? विचारायला लाजायचे आणि घरी येऊन औषध फेकायचे, यात अहिंसा कुठे आली? तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. स्वतःच्या देहाविषयीचा प्रमाद त्यातून कोणी वगळला?

पिशवी काढण्याचेही बघू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या बिचाऱ्यांना खाडा परवडत नव्हता. पाळीचा दिवस गेला की मजुरी गेली. आपल्याला कसला खाडा पडतो? ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितले की अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. न्यायालयाला सांगावे लागले, यातच सगळे आले. गाठी मोठ्या असतील, कर्करोगाची शंका असेल तर ऑपरेशन करायलाच हवे, त्याला माझा विरोध नाही. पण चाळिशीत पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी एका दिवसात जाते, आणि हाडे, हृदय यांची किंमत पुढे मोजावी लागते. गंमत म्हणजे मग डॉक्टर तेच हार्मोन लिहून देतात, जे टाळायला ऑपरेशन केले.

खरा तोटा आपल्या धर्माराधनेचा आहे. पंधरा-पंधरा दिवस अडचण म्हणजे सामायिक नाही, प्रतिक्रमण नाही, स्थानकाची पायरी नाही. आणि ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी बाई उपवासाला बसते. हिमोग्लोबिन बारा असायला हवे, हिचे सात. चक्कर आली की "तपाचे तेज" म्हणायचे. सासूबाई कौतुक करतात, पारणे थाटात होते, आणि रक्ताचा अहवाल कपाटातल्या साड्यांखाली!

आमच्या घोटावड्यातून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचे तर अर्धा दिवस जातो, पिरंगुटच्या रस्त्यावर गर्दी असते, हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या साड्यांसाठी आपण त्याच रस्त्याने लक्ष्मी रोडला तीन फेऱ्या करतो.

यंदा चातुर्मासात आपल्या महिला मंडळाने थाळी सजावटीची स्पर्धा एक कमी घ्यावी आणि पर्युषणाच्या महिनाभर आधी चाळिशीपुढच्या सगळ्या बायकांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तपाचे पच्चक्खाण घेण्याआधी तो कागद प्रत्येकीच्या हातात असावा. खर्च बक्षिसांच्या रकमेत बसतो, मी बेरीज करून पाहिली आहे.