रोमांचे कुळ आणि शब्दांची साक्ष

युरोपने रोमा लोकांना शतकानुशतके इजिप्तचे मानले. ‘जिप्सी’ हे नाव त्याच गैरसमजातून आले. १७८२-८३ च्या सुमारास र्‍युडिगर आणि ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेचे भारतीय मूळ दाखवून दिले.

आम्हा भोपाळवासी मराठी माणसांना त्यांचे पानी, कान, मनुष हे शब्द समजायला दुभाष्या लागणार नाही. सात, आठ, नऊ यांसाठी मात्र त्यांच्याकडे एफ्ता, ओख्तो, एन्या हे ग्रीक शब्द आहेत. वाटेत ग्रीकभाषक मुलखात दीर्घ मुक्काम घडला, याचा इतका चोख पुरावा आम्हांस न्यायालयातही क्वचितच आढळतो.

तरीही रोमा हे रजपूत योद्ध्यांचे वंशज, ही कथाच लोकांना अधिक भावते. आम्हांस ती मान्य नाही. शब्द वाट सांगतात, जात सांगत नाहीत.

आपले बंजारा रोमांचे भाऊबंद, असेही अभिमानाने सांगितले जाते. त्या बंजारांची गोरबोली एक. पण ते महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतात. सोलापूरहून विजापुरास जाताच ज्यांचे कायदेशीर कुळ बदलते, त्यांच्यासाठी युरोपात नातलग शोधणाऱ्यांनी आधी या तीन याद्यांविषयी बोलावे.