‘ब्रिटिशकालीन’ खिशातलं घड्याळ घेताय? पैसे पाठवण्याआधी मागचं झाकण उघडायला सांगा

रील्स बघता बघता एक साखळीचं घड्याळ समोर येतं. पितळी डबी, मागे रेल्वेचं इंजिन आणि खाली लिहिलेलं, ‘ब्रिटिशकालीन, शंभर वर्षं जुनं, शेवटचा पीस’. जांभूळला घरी बसून यूपीआय करायचं आणि कुरिअरची वाट बघायची. काम सोपं आहे, पण घड्याळ खरंच जुनं आहे हे कळणार कसं?

आपल्याकडे एक जुना विनोद आहे. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असेल, तर यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! विनोद सोडून द्या, पण धडा लक्षात ठेवा. वस्तूवर लिहिलेलं नाव म्हणजे पुरावा नाही.

‘मुंबई स्पेशल’ ही काय भानगड आहे?

जुन्या घड्याळांचे जगभरातले शौकीन एका प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ते काही कौतुकाने नाही. आत जुनं स्विस मशीन, वर नव्याने रंगवलेली डायल, डबी आणि काटे भलतेच. असा जोडून केलेला माल म्हणजे मुंबई स्पेशल. हे नाव मनगटी घड्याळांमुळे पडलं, पण खिशातल्या घड्याळातही हीच युक्ती चालते.

मग तपासायचं काय?

1. मशीन : मागचं झाकण उघडून फोटो मागा. शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा. ब्रिटिश काळात मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस घड्याळं प्रसिद्ध होती. डायलवर ते नाव असेल, तर मशीनवरही आहे का बघा. आत बॅटरी दिसली तर विषयच संपला. क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आलं तेच 1969 मध्ये.

2. नंबर : वॉल्थम, एल्जिन अशा अमेरिकन घड्याळांचं साल मशीनवरच्या नंबरवरून ऑनलाइन शोधता येतं. डबीवरचा नंबर वेगळा असतो, त्यावरून साल काढू नका.

3. धातू : ‘गोल्ड फिल्ड’ म्हणजे सोन्याचा फक्त थर. त्यापुढे ‘20 इयर्स’ लिहिलेलं असेल, तर ती थर टिकण्याची हमी होती, घड्याळाचं वय नाही. चांदीचा दावा असेल तर सोनाराकडून तपासून घ्या.

4. डायल : जुन्या मिन्याच्या डायलवर केसासारख्या बारीक चिरा असू शकतात. भिंगातून बघा. अक्षरं फिसकटलेली किंवा वाकडी असतील तर डायल पुन्हा रंगवल्याची शंका घ्या.

5. चाल : हलक्या हाताने चावी द्या. घड्याळ आडवं आणि उभं, दोन्हीकडे चालतं का बघा. चावी अडली तर जोर लावू नका.

‘संस्थानिकांचं घड्याळ आहे’ असं सांगितलं तर?

2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचं झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट मिळून 18 लाख डॉलरला गेलं. बोली विजय मल्ल्यांची होती. ती किंमत मशीनची नव्हती, वस्तू कोणाच्या होत्या त्याची होती. म्हणून गोष्ट ऐकवणाऱ्याकडे जुनं बिल, पत्र किंवा फोटो मागा. कागद नसेल तर गोष्टीचे पैसे देऊ नका, फक्त घड्याळाचे द्या.

आणखी एक. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवायचा विचार असेल तर हे आधी तपासा.

शक्य असेल तर सौदा समोरासमोर करा. चोर बाजारात जा किंवा घड्याळ हातात घेऊन अंबरनाथ-बदलापूरच्या एखाद्या जुन्या घड्याळजींना दाखवा. दुरुस्तीचा खर्च विचारून मगच भाव करा. जुन्या घड्याळाचा एक तुटलेला भाग मिळवणं घड्याळापेक्षा महाग पडू शकतं.

आणि विकणारा झाकण उघडायलाच तयार नसेल तर? मग तुमचं पाकीटही बंदच ठेवा.