इफेक्ट लावला, पण गाणं सुधारलं का?

हातखंब्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे पहिली झुंज मुंबई-गोवा महामार्गाशी. खिडक्या लावल्या तरी तिठ्यावर वळणाऱ्या ट्रकची घरघर माइकमध्ये येतेच. गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका विद्यार्थिनीची उर्दू नज्म आम्ही माझ्या घरी रेकॉर्ड केली. गाणं, हार्मोनियम आणि दफ वेगवेगळे घेतले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ते कॉम्प्युटरवर एकत्र करून वर कॉम्प्रेसर, इको आणि गोंगाट साफ करणारा इफेक्ट लावला. आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. मी लगेच म्हटलं, "माशाअल्लाह, नंतरचं कितीतरी चांगलं!"

मुलगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "सर, माझा क़ाफ कुठे गेला?"

कोकणी बोलणाऱ्या घरातल्या या मुलीने त्या एका अक्षरावर महिनाभर मेहनत घेतली होती. क़ल्ब म्हणजे हृदय, आणि कल्ब म्हणजे कुत्रा. एवढा फरक त्या अक्षरात आहे. इकोच्या शेपटीत तो बुडाला होता, आणि उच्चार शिकवणाऱ्या मलाच ते कळलं नव्हतं.

कारण साधं होतं. नंतरचं रेकॉर्डिंग मोठ्याने वाजत होतं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला तर आपण ‘मोठं झालं’ असंही म्हणत नाही. ‘खुललं’, ‘भरदार झालं’ म्हणतो. कॉम्प्रेसर, इको यांनी आवाज बहुधा वाढतोच. म्हणजे आपण दाद देतो आवाजाच्या बटणाला आणि श्रेय जातं इफेक्टला.

म्हणून आम्ही परीक्षा घेतली. दोन्ही रेकॉर्डिंग आधी सारख्या आवाजावर आणली. मी स्क्रीनकडे पाठ करून बसलो. मुलाने नाणं उडवून दोन्हींपैकी एक लावायचं, असं दहा वेळा, मी ओळखायचं. दहापैकी पाच तर नुसत्या अंदाजानेही येतात. नऊ-दहा आले तरच कानाला खरोखर फरक कळतो म्हणायचं. पण फरक कळणं म्हणजे सुधारणा नव्हे. तो दुसरा प्रश्न: शब्द स्पष्ट झाला का? हार्मोनियम गाण्याच्या आड येतं का? हे एकेका इफेक्टसाठी वेगळं तपासलं, मोबाइलवर ऐकलं, शाळेच्या हॉलमध्ये ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी पुन्हा.

निकाल असा: शंभर हर्ट्झखालचा भाग कापल्याने ट्रकची घरघर कमी झाली आणि मुलीच्या आवाजाला धक्का लागला नाही. तो इफेक्ट ठेवला. गोंगाट साफ करणारा इफेक्ट ‘स’ आणि ‘ह’ही खात होता, तो काढला. कॉम्प्रेसर लावलेलं आणि न लावलेलं मला ओळखताच येईना, तोही काढला. इको फक्त दफवर थोडा उरला.

इफेक्ट वाईट, असं मला म्हणायचं नाही. १९६० च्या ‘मुग़ल-ए-आज़म’मध्ये नौशादसाहेबांनी शीशमहलच्या गाण्यात घुमवलेला आवाज आठवा. आरशांत प्रतिमा वाढत जातात, तसा तो आवाज वाढत जातो. तिथे प्रतिध्वनीला अर्थ आहे. आपल्याकडे मात्र मिलाद असो, लग्न असो की स्नेहसंमेलन, माइक आला की इको आलाच. कशासाठी, हे कोणी विचारत नाही. नात ऐकायला बसलेल्या माणसाला शब्दच कळले नाहीत, तर त्याने ऐकलं काय?

माझं मत एवढंच आहे, की इफेक्टने स्वतःला सिद्ध करावं, तेही सारख्या आवाजावर. सिद्ध झाला नाही तर काढून टाकावा. ‘लावलाय तर राहू दे’ हे कारण नव्हे. आणि ज्याचा आवाज आहे, त्याला आधी विचारावं. त्या दिवशी मी आधी तिला विचारलं असतं, तर दहा वेळा नाणं उडवायची गरजच पडली नसती.